बसवता येतो, उठवता येत नाही

जिल्ह्याजिल्ह्यांच्या बैठकांत सध्या एक सूचना पुन्हा पुन्हा येते आहे. येत्या निवडणुकीत एकेका मतदारसंघात शंभर-दीडशे शेतकऱ्यांनी अर्ज भरायचे, मतदान यंत्रावर नावांची रांग लावायची आणि पुढाऱ्यांची झोप उडवायची. सूचना करणाऱ्यांचा संताप आम्हाला कळतो. कापूस घरात पडून, ज्वारी व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघत, आणि निवडून दिलेला माणूस पाच वर्षे बांधावर फिरकत नाही. मग माणसाने करावे तरी काय? पण अनामतीचे पैसे मोजण्याआधी तीन ठिकाणचे हिशेब मांडून बघावेत, असे आम्हाला वाटते.

पहिला हिशेब मुंबईच्या उपनगरातला, अंधेरीचा. अंधेरी काही परका मुलूख नव्हे. शेती तोट्यात गेली म्हणून गाव सोडलेली आपली पोरे याच उपनगरांत पोट भरतात. मे २०२२ मध्ये अंधेरी पूर्वचे आमदार रमेश लटके वारले. जूनमध्ये त्यांचा पक्ष शिवसेना फुटला. ऑक्टोबरमध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण गोठवला. लटके यांच्या पत्नी ऋतुजाताई मुंबई महापालिकेत नोकरीला होत्या. त्यांचा राजीनामा मंजूर होईना, त्यासाठी हायकोर्टात जावे लागले. शेवटी मशाल चिन्हावर त्या उभ्या राहिल्या. समोर भाजपचे मुरजी पटेल होते. त्यांनी अर्ज भरला आणि १७ ऑक्टोबरला पक्षाने तो मागे घेतला. मोठ्या मनाचे राजकारण, असे कौतुक झाले. असेलही. पण मतदाराला कोणी विचारले?

३ नोव्हेंबरला मतदान झाले. शंभरातले बत्तीस लोकसुद्धा बाहेर पडले नाहीत. लटके यांना ६६,५३० मते मिळाली. दुसरा नंबर कोणाचा? 'नोटा'चा. मते १२,८०६. बाकीच्या सहा उमेदवारांपैकी एकालाही दोन हजार मते नाहीत. ही 'नोटा'ची मते कोणी आणि का दिली यावर बराच वाद झाला. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या १२,८०६ मतांचे पुढे झाले काय? काहीच नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये 'यापैकी कोणी नको' म्हणायचे बटण दिले. पण आमदार-खासदारांच्या निवडणुकीत सगळ्यात जास्त मते 'नोटा'ला पडली, तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. नको म्हणायची मुभा आहे, नको म्हटल्याचा परिणाम नाही. पुढे २०२४ मध्ये तेच मुरजी पटेल शिंदे गटाच्या शिवसेनेकडून उभे राहिले आणि अंधेरी पूर्वमधून निवडून आले. म्हणजे ज्या दोघांतून निवड करायची संधी मतदाराला २०२२ मध्ये मिळायची, ती दोन वर्षांनी मिळाली. वेळ ठरवणारे दुसरेच.

दुसरा हिशेब अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचा. तिथे गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडलेला, मुख्यमंत्र्यासारखा कारभारी. ग्रे डेव्हिस नावाचा गव्हर्नर २००२ मध्ये निवडून आला आणि वर्षभरात लोक त्याच्यावर उलटले. आधीच्या निवडणुकीत झालेल्या मतांच्या १२ टक्के सह्या जमल्या की तिथे फेरमतदान घ्यावेच लागते. ७ ऑक्टोबर २००३ ला ते झाले. उमेदवार १३५! त्यात सिनेमा नट, मासिकवाले, हौसे-नवसे सगळे. जगाने हसून घेतले. पण मतपत्रिकेवर आधी दुसराच प्रश्न होता: हा गव्हर्नर काढायचा की ठेवायचा? निम्म्याहून जास्त लोक 'काढा' म्हणाले आणि गव्हर्नर गेला. त्याच्या जागी नट अर्नोल्ड श्वार्झनेगर आला. २०२१ मध्ये तिथेच दुसऱ्या गव्हर्नरवर हीच पाळी आली. ४६ उमेदवार उभे होते, पण लोक 'ठेवा' म्हणाले आणि तो राहिला. गर्दी दोन्ही वेळा होती. निकाल लावला तो पहिल्या प्रश्नाने.

तिसरा हिशेब आपल्या जिव्हाळ्याचा, तेलंगणातल्या निजामाबादचा. हळदीला १५,००० आणि लाल ज्वारीला ३,५०० रुपये क्विंटल भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांचे कोणी ऐकेना, म्हणून २०१९ च्या लोकसभेला १७० हून जास्त शेतकरी उभे राहिले. एकूण उमेदवार १८५. एकेका केंद्रावर बारा-बारा यंत्रे जोडावी लागली. मुख्यमंत्र्यांची मुलगी असलेल्या खासदार कविता पडल्या. देशभर नाव झाले. पण शेतकऱ्यांपैकी निवडून कोणीच आला नाही. खुल्या गटातल्या उमेदवाराला अनामत २५,००० रुपये. १७० जणांचे होतात ४२ लाख ५० हजार. हळद मंडळ सुरू झाले ते जानेवारी २०२५ मध्ये. ज्वारीचे मंडळ काही निघाले नाही.

या तीन हिशेबांतून आम्ही एवढेच समजलो की गर्दीने दार वाजते, उघडत नाही. आणि दार वाजवणेही सरकारने महाग करून ठेवले आहे. १९९६ मध्ये नलगोंड्यात ४८० आणि आपल्या सीमाभागातल्या बेळगावात ४५६ उमेदवार उभे राहिले. सरकारने गाऱ्हाणे ऐकले नाही, अनामत मात्र वाढवली.

उठवायचा हक्क आपल्याला नवा आहे का? मुळीच नाही. आपल्या गावात २५ टक्के बायाबापड्यांनी सह्या केल्या की दारूच्या दुकानावर मतदान घ्यावे लागते. निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकान बंद. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास आणला, तर शेवटचा शब्द ग्रामसभेच्या गुप्त मतदानाचा. दारूचा दुकानदार उठतो, सरपंच उठतो. मग आमदारच असा कोणता सोन्याचा लागून गेला? जू टाकून देणारा बैल आपण पाच वर्षे दावणीला बांधून ठेवतो का?

यात धोका आहे, हेही सांगितले पाहिजे. कॅलिफोर्नियात सह्या गोळा करायला एका धनवान लोकप्रतिनिधीने आपली थैली सोडली होती, आणि सह्यांमागे पैसे घेणारी माणसे फिरत होती. ज्याच्याकडे थैली तो उद्या चांगल्या माणसालाही उठवील. म्हणून आमचे म्हणणे असे: पहिली दोन वर्षे कोणालाही हात लावू नये. बाटलीसारख्याच २५ टक्के सह्या लागाव्यात. त्या ग्रामसभेत आणि वॉर्डसभेत सगळ्यांसमोर व्हाव्यात, भाड्याच्या माणसांकडून नव्हे. आणि 'काढायचा का' हा प्रश्न आधी, 'कोण आणायचा' हा नंतर.

जयप्रकाशजींनी १९७४ मध्येच लोकप्रतिनिधी परत बोलावण्याचा हक्क मागितला होता. तो कोणत्याही पक्षाने दिला नाही आणि आपणहून कोणी देणारही नाही. म्हणून जिल्हा बैठकीत शंभर अर्जांचा ठराव बाजूला ठेवा आणि हा ठराव घ्या. मत मागायला येईल त्याला, तो कोणत्याही झेंड्याचा असो, चारचौघांत एकच विचारा: आम्ही उठवले तर उठायची तयारी आहे का? उत्तर देताना जो खाली बघेल, त्याचा हिशेब तिथेच कळला.