फोटो आणू, पण ग्रामसभेच्या नावानं



सध्या पाड्यापाड्यांत एकच बोलणं चाललंय, की उपग्रहाचा फोटो आणला म्हणजे प्लॉट मंजूर झालाच समजा. काही गावांनी वर्गणी गोळा करायलाही घेतली आहे. फोटो आणायला आमचा विरोध नाही. पण हे मजुरीचे पैसे आहेत. त्यातून आपण नेमकं काय घेतो, कुणाच्या नावानं घेतो आणि त्या फोटोला किती मान द्यायचा, हे ग्रामसभेत बोलल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये, असं आमचं म्हणणं आहे.

आधी फोटो कुठला ते पाहू. वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005 ही तारीख आहे. आपला ताबा त्याच्या आधीपासूनचा आहे हे दाखवायचंय. म्हणून आजचा फोटो कितीही साफ असला तरी तो एकटा पुरत नाही, त्या काळचा लागतो. असे जुने फोटो हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र देतं. मागवताना गावाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि कुठल्या उपग्रहाचा फोटो हवा ते कळवावं लागतं. फसगत होते ती इथंच, कारण सगळे फोटो सारखे नसतात.

फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो. लिस-3 नावाच्या कॅमेऱ्याचा एक ठिपका 23.5 मीटरचा, म्हणजे जमिनीवर साडेपाच गुंठे. आपला 20 गुंठ्यांचा प्लॉट त्यात जेमतेम चार ठिपक्यांत बसतो. बांध नाय दिसत, झोपडी नाय दिसत. लिस-4 चा ठिपका 5.8 मीटरचा, त्यात तोच प्लॉट 60 ठिपक्यांचा होतो. मे 2005 मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-1 चा ठिपका अडीच मीटरचा, त्यात 300 च्या वर ठिपके पडतात. पण तो फोटो काळा-पांढरा, रंगावरून पीक ओळखता येत नाही. आणि पावसाळ्यातला फोटो घेतला तर नागली-वरईच्या जागी नुसते ढग दिसतील. म्हणून पैसे भरायच्या आधी नमुना चित्र बघायला मागायचं. आपलं शिवार त्यात येतं का, ढग किती, तारीख कुठली, हे तिघा-चौघांनी मिळून तपासायचं.

दुसरी गोष्ट लायसनची. पैसे भरले म्हणजे फोटो आपला झाला, असं नाही. बैल विकत घेणं वेगळं आणि नांगरटीपुरता भाड्यानं आणणं वेगळं. हा फोटो भाड्याच्या बैलासारखा आहे. ज्याच्या नावावर लायसन, त्यानंच वापरायचा. दुसऱ्याला कॉपी द्यायला मनाई असते. आता एका फोटोत एक गाव नाही, आजूबाजूची कितीतरी गावं येतात. साहजिकच पाच गावांनी मिळून वर्गणी काढावी असं वाटतं, आणि ते बरोबरच आहे. पण मग ऑर्डरीच्या अर्जातच पाचही ग्रामसभांची नावं लिहून, सगळ्यांना वापरता येईल का, त्यावरून काढलेला नकाशा दाव्याला जोडता येईल का, हे लेखी विचारून घ्यायचं. नंतर कुणी आपल्याकडे बोट दाखवायला नको.

लायसन एखाद्या संस्थेच्या किंवा शहरातल्या ओळखीच्या माणसाच्या नावावर घेऊ नये. ती माणसं चांगली असतील, पण उद्या ती गेली की फोटोही गेला. मग आपल्याच शिवाराचं चित्र बघायला आपण त्यांच्या दारात उभे. जीपीएसनं मोजलेल्या बिंदूंचंही तसंच. मोजणी आपली पोरं करतात, पाय आपले झिजतात, तर त्या बिंदूंची वही वनहक्क समितीकडेच राहिली पाहिजे. देवस्थान, पाण्याचे झरे, औषधी झाडांच्या जागा कुणाला सांगायच्या नि कुणाला नाही, ते गाव ठरवेल.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. फोटो हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. “उपग्रह चित्रात लागवड दिसत नाही” असा शेरा मारून दावे परत पाठवले जातात. डिसेंबरात नागली काढून झालेली असते, शेत उघडं पडलेलं असतं. पड टाकलेल्या वरकस जमिनीत झुडपं दिसतात. प्लॉटात मोह, ऐन उभे असले तर वरून नुसतं जंगल दिसतं. आपण झाडं राखली म्हणून आपलाच दावा फेटाळायचा, हा कुठला न्याय?

नियमही आपल्या बाजूनं आहेत. 2012 च्या दुरुस्तीत नियम 12 अ मध्ये स्पष्ट लिहिलंय की उपग्रह चित्र पुराव्याला जोड म्हणून चालेल, पुराव्याच्या जागी नाही. नियम 13 प्रमाणे घर, बांध, सपाट केलेली जमीन, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हे सगळे पुरावे आहेत. एकाहून जास्त पुरावे जोडले पाहिजेत, पण त्यात फोटो असलाच पाहिजे असं कुठंही नाही. शिवाय वन आणि महसूल नकाशे ग्रामसभेला देणं हे नियम 6 प्रमाणे उपविभागीय समितीचं काम आहे. मग आधी ते नकाशे मागू. वर्गणी नंतर.

येत्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या. एक, उपविभागीय समितीकडे नकाशांची लेखी मागणी करायची आणि पोच घ्यायची. दोन, फोटो मागवायचाच तर लायसन ग्रामसभेच्या नावावर घ्यायचं आणि पावती, लायसनचा कागद समितीच्या पेटीत ठेवायचा. तीन, फक्त फोटोवरून दावा फेटाळला तर त्याची लेखी कारणं मागायची आणि मुदतीत अपील करायचं.

आकाशातल्या डोळ्याला चार ठिपके दिसतात. त्या चार ठिपक्यांत बांध कुणी घातला, ते आपल्या आज्याला माहीत आहे. त्याचा जबाब आजच लिहून घ्या. फोटो उद्याही मिळेल.

लढेंगे, जीतेंगे!