ग्रामसभा तहकूब होऊ देऊ नका!



२ ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली आहे. पुढच्या वर्षीच्या गाव विकास आराखड्याचं काम तिथून सुरू होतं आणि जानेवारी संपायच्या आत ग्रामसभेनेच तो मंजूर करायचा असतो. कोणत्या वस्तीत पाण्याची लाइन जाणार, कोणत्या गल्लीत गटार होणार, अंगणवाडीचं छत बदलणार की पोरं आणखी एक पावसाळा गळक्या पत्र्याखाली काढणार, हे सगळं त्या कागदावर ठरतं. म्हणून हातातलं काम एक दिवस बाजूला ठेवा. सभेला या.

नाही आलात तर काय होतं, ते नीट समजून घ्या. ग्रामसभेला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हजर लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते. आपण म्हणतो, चला, पुढच्या खेपेला बघू. पण तहकूब सभेला कोरम लागत नाही! पुढच्या तारखेला दहा-बारा डोकी जमली तरी तोच आराखडा मंजूर होऊ शकतो. मग पारावर बसून वर्षभर कितीही बोला. इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलेलं असतं आणि त्या 'सर्वां'मध्ये तुम्हालाही धरलेलं असतं.

आणि हे टाळायला लागतात किती माणसं? तुमचं गाव तीन हजार मतदारांचं असलं तरी शंभरच. एका लग्नाच्या पंगतीला याहून जास्त माणसं उठतात. तेव्हा एकटे येऊ नका. शेजारच्याला हाक मारा. भावकीतल्या चार जणांना घेऊन या. ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे त्यालाही सांगा, कारण पाणी त्याच्याही घरात हवं आहे.

माणसं नसतात तेव्हा यादी कशी भरते, ते तुम्ही पाहिलं आहे. जिथे धड रस्ता आहे तिथेच पेव्हर ब्लॉक बसतात. वेशीवर कमान उभी राहते. आणि वाडीवरच्या बाईच्या डोक्यावरचा हंडा तिथेच राहतो. स्मशानात शेड नसते, भर पावसात सरण पेटवताना घरच्यांचे हाल होतात. शाळेच्या मुतारीला दार नसतं, म्हणून मोठ्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. आराखड्यात नाव नसलेलं काम वित्त आयोगाच्या पैशातून सहजासहजी होत नाही. एक वर्ष चुकलं की एक वर्ष गेलं.

पैसा नसतो, असं म्हणू नका. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या निधीतले ६० टक्के फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिले. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. हे पैसे कुठे गेले, ते उभं राहून विचारा. विचारणं म्हणजे भांडण नव्हे. सरपंचांनाही गाव पाठीशी असल्याशिवाय चांगलं काम रेटता येत नाही.

मायबहिणींनो, तुम्हाला वेगळं सांगते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तसा कायदा आहे. ती फक्त वहीवर होऊ देऊ नका. नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती दिवसांनी येतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? दळण, धुणं तासभर मागे ठेवा. सासूबाईंना आणा, सुनेलाही आणा. मागच्या रांगेत बसू नका, पुढे बसा.

ग्रामसभेने काय होतं, असं कुणी विचारलं तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव सांगा. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते दुष्काळाने पिचलेलं गाव होतं. माणसं पोटासाठी बाहेर पडत होती. त्या गावाने ग्रामसभेत बसून पाण्याचा हिशेब मांडला. पाऊस किती झाला ते बघून पिकं ठरवली. ऊस आणि केळी नको म्हटलं, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. तिथली माणसं तुमच्यासारखीच शेतकरी होती. ती सभेला यायची, एवढंच.

आता आजपासून काय करायचं? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेली नोटीस वाचा. सभेच्या सात दिवस आधी ती लागायला हवी. आपल्या वस्तीची तीन कामं घरात बसून ठरवा आणि कागदावर लिहून द्या. सभेत आराखडा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. ठराव मांडा, सूचक-अनुमोदकाची नावं लिहून घ्या. कोऱ्या पानावर सही करू नका. सभेनंतर घरोघरी फिरणाऱ्या वहीवरही करू नका. मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. घरातल्या शिकत्या मुलाला मोबाइलवर तो उघडायला लावा आणि आपलं काम त्यात आहे का, ते तपासा.

पुण्या-मुंबईला असलेल्या पोरांनो, मतदार यादीत नाव गावचंच आहे ना? मतदानाला गाडी करून येता, तसे सभेलाही या. २ ऑक्टोबरला सुट्टी असते. आईबाप गावात आहेत, त्यांच्या दारातला रस्ता आणि नळ तुमचाही प्रश्न आहे.

तुम्हाला गावाची काळजी आहे, यात शंका नाही. ती काळजी घेऊन सभेच्या वेळेआधी पंधरा मिनिटं या. कोरम भरा. आराखडा ऐका. पटला तर हात वर करा, नाही पटला तर बोला. पण सभा संपेपर्यंत उठू नका.