नाव छापू नका

यंदाच्या अंकासाठी जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत सरकारी नोकरी करणाऱ्या बायकांकडून आम्ही लेख मागवले. लेख आले, आणि जवळजवळ प्रत्येकासोबत एकच विनंती आली : नाव छापू नका. काहींना गावाचे नावही नको होते. एकीने तर खातेसुद्धा लिहू नका म्हणून कळवले, आणि तिचे बरोबरच होते. उपकेंद्रात सिस्टर एकच असते. ‘एका उपकेंद्रातील परिचारिका’ एवढे छापले तरी पंचायत समितीत चहा येण्याआधी नाव ठरलेले असते.

तक्रारदार स्त्रीची ओळख गुप्त ठेवावी, असे कायदा सांगतो. पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मंत्रालयासारखी इमारत असावी : मजल्यावर मजले आणि माणसांची गर्दी. दहा किंवा अधिक माणसांच्या कार्यालयात अंतर्गत समिती, तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ स्त्री, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. आमच्याकडे दोनशिक्षकी शाळा आहेत. तिथल्या बाईंनी जायचे कुठे? जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, म्हणजे पालघरला. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा वेगळा झाल्यामुळे ठाण्याची वारी वाचली, हे खरे. तरी मोखाड्याच्या टोकाकडून पालघरला जाऊन यायचे तर रजा टाकावी लागते, अर्जात कारण लिहावे लागते, आणि तो अर्ज बहुतेक वेळा ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच साहेबाच्या टेबलावर जातो.

गंमत म्हणजे कायद्याला ही अडचण सुचलेली होती. कलम ६ प्रमाणे ग्रामीण आणि आदिवासी भागात तालुक्याला एक नोडल अधिकारी नेमायचा; त्याने तक्रार घ्यायची आणि सात दिवसांत स्थानिक समितीकडे पोचवायची. गोव्यातील एका प्राध्यापकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये या कायद्याच्या ढिसाळ अंमलबजावणीवरून सरकारांचे कान उपटले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नेमणुकांसाठी तारखाच आखून दिल्या. वाचकांनी एक करावे. पुढच्या वेळी दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेलात की आपल्या तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, एवढे सहज विचारा.

आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना शासन कर्मचारी म्हणत नाही. त्यांना पगार नसतो, मानधन असते. हा कायदा मात्र त्यांनाही आपल्यात घेतो. रोजंदारी, कंत्राटी, स्वयंसेवी, सगळे त्यात धरले आहेत, आणि ते उगाच नाही. राजस्थानातील भंवरीदेवी शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होत्या, आमच्या आशाताईंसारख्याच मानधनावर. बालविवाह रोखायला गेल्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ज्या सरकारचे काम करताना हे घडले, ते सरकार मालक म्हणून पुढे आले नाही. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला. शहरांतल्या वातानुकूलित कचेऱ्यांत आज समित्या बसतात त्या या खेड्यातल्या बाईमुळे. अंगणवाडीचा पाया तर आपल्याच जिल्ह्यातला : ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. निदान इथल्या सेविकेला तरी तिचा हक्क सांगायला बाहेरचा माणूस लागू नये.

आता थोडे कडू. शिरपामाळावर सुट्टीला गाड्यांची रांग लागते. सुरतेच्या स्वारीला निघालेले शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या राजांनी त्यांना मानाचा शिरपेच चढवला, असे सांगतात. सरकारी खात्यांत मात्र या मुलखाला असा मान नाही. ‘जव्हार-मोखाड्याला टाकीन’ ही तिथे धमकी असते. लाच घेतली, दारू पिऊन कामावर आला, बाईशी वाईट वागला, की माणूस दूर धाडायचा. ते दूर म्हणजे आमचे गाव. जिथे सिस्टर रात्री एकटीने बाळंतपण करते आणि वीज गेली की मोबाइलच्या उजेडावर नाळ कापते, तिथे असा माणूस वरिष्ठ म्हणून पाठवायचा आणि फाइलवर ‘कारवाई केली’ असा शेरा मारायचा! आदिवासी भाग हा खात्याचा तुरुंग नव्हे, हे आमचे म्हणणे जुने आहे. त्या तुरुंगात आधीपासून कोण काम करते आहे, हे आता विचारायला हवे.

कुपोषणाच्या बातमीत मेळघाट आणि जव्हार-मोखाडा ही नावे नेहमी जोडीने येतात. त्याच मेळघाटात हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आयुष्य संपवले. वरिष्ठाच्या छळाबद्दल त्यांनी पत्र लिहून ठेवले होते. गरोदर असताना जंगलात पायी फिरवल्याचाही उल्लेख त्यात होता. त्या वर्दीतल्या, राजपत्रित दर्जाच्या अधिकारी होत्या. मानधनावरच्या बाईचे काय, हा हिशेब वाचकांनी करावा.

रजेचे त्या मानाने कागदावर बरे आहे. राज्य शासनाच्या नियमित कर्मचारी स्त्रीला प्रसूतीसाठी १८० दिवस मिळतात, आणि २०१८ पासून बालसंगोपनासाठीही १८० दिवस. पण रजेवर गेलेल्या सिस्टरचे पाडे शेजारच्या सिस्टरच्या गळ्यात पडतात. बदली माणूस येत नाही. मग एकीच्या बाळंतपणाचा राग दुसरीला येतो, आणि साहेब म्हणतात, ‘बायकांचे आपसात पटतच नाही.’

आणि मुख्यालयी राहण्याचा नियम. गावात राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडला तरच घरभाडे भत्ता, अशी अट शासनाने घातली आहे. अट योग्य आहे. सिस्टर गावात नसली की काय होते ते आम्ही भोगले आहे. मोखाड्यातल्या मर्कटवाडीत २०२२ च्या पावसाळ्यात जुळी बाळे गेली आणि त्यांच्या आईला डोलीत घालून चिखलातून न्यावे लागले, तेव्हा राज्यभर त्या रस्त्याची चर्चा झाली. तशाच वाटा आशाताई आणि सिस्टर वर्षभर तुडवतात, हे मात्र कुणी लिहिले नाही. जिने गावात राहायचे तिच्या खोलीला आतून कडी आहे का, संडासात पाणी आहे का, रात्री हाक मारायला शेजार आहे का, याचा ठराव कोणती ग्रामसभा करते?

करता येतो. आपले दोन्ही तालुके पेसाखाली आहेत, आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे सिस्टर, बाई, आशाताई सगळ्या एरवी इतिवृत्त लिहायला नाहीतर सतरंजी टाकायला असतात. या वेळी त्यांचा विषय पत्रिकेवर घ्यावा. २६ जानेवारीच्या सभेसाठी विषय आधी लेखी द्यावा लागेल. अर्जाचा नमुना अंकाच्या शेवटच्या पानावर छापला आहे, तो फाडून घ्या. अंक फाटला तरी आमची तक्रार नाही.