मापात पाप

एका गावच्या पायलीने डाळ मोजून घ्यावी आणि दुसऱ्या गावच्या पायलीने ती वाटायला बसावे, तर शेवटचा पाहुणा उपाशी राहिला म्हणून डाळीला बोल लावता येत नाही. आपल्याकडे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, दशमान मापे आली आणि ही भानगड मिटली. संगणकाच्या राज्यात मात्र ती अजून शिल्लक आहे!

‘सी’ ही संगणकाची भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविली. तीत पूर्णांकांना ‘इंट’, ‘लाँग’ अशी नावे आहेत. पण कोणाच्या पोटात किती मावेल, हे यंत्रागणिक बदलते. ६४ बिटांच्या लिनक्सवर ‘लाँग’ ६४ बिटांचा, तर तशाच विंडोजवर ३२ बिटांचाच! म्हणून १९९९ च्या प्रमाणाने ‘इंट६४_टी’सारखी नेमक्या मापाची नावे दिली. आता तंटा संपला, असे वाटेल. पण छे!

आकडा छापतो तो ‘प्रिंटएफ’. हा कारकून भलताच आज्ञाधारक. रक्कम केवढी आहे, हे तो पाहतच नाही. चिठ्ठीत टक्क्याचे चिन्ह आणि ‘डी’ दिसले, की ‘इंट’एवढेच उचलतो. ३२ बिटांच्या नेहमीच्या इंटेल यंत्रावर त्याच्यापुढे ५०० कोटी ठेवा. तो छापील ७०,५०,३२,७०४! उरलेला तुकडा पुढच्या रकान्यात ‘१’ होऊन बसेल. तिजोरीत रक्कम शाबूत, पण कागदावर दिवाळे!

बरे, ‘एलडी’ लिहावे, तर लिनक्सवर जमते आणि विंडोजवर फसते. ह्यावरचा उतारा त्याच प्रमाणात आहे. ‘इंटटाइप्स’ ही शीर्षफाइल जोडावी, अवतरणात फक्त टक्क्याचे चिन्ह ठेवावे आणि अवतरणाबाहेर ‘पीआरआयडी६४’ लिहावे. त्या नावाच्या जागी ज्या त्या यंत्राची योग्य अक्षरे येतात आणि शेजारशेजारचे तुकडे ‘सी’ आपणच जोडून घेते. एवढे नको असेल, तर आकडा ‘लाँग लाँग’मध्ये बदलून ‘एलएलडी’ लिहावे. तो कोठेही ६४ बिटांहून लहान नसतो.

ह्या दिवाळीत घरातला संगणकवाला मुलगा किंवा सून फराळाला बसली, की ताट पुढे करताना सहज विचारा: “काय रे, कंपायलरचे इशारे वाचतोस ना?” चिठ्ठी आणि रक्कम जुळत नसेल, तर तो बिचारा सांगत असतो. ऐकणारे कोणी हवे, इतकेच!