दान की अडगळ?

नाताळ जवळ आला की घरोघरची कपाटे आवरली जातात आणि देवळाच्या पडवीत मुलांच्या कपड्यांची गाठोडी जमतात. ती सोडताना आम्हांस लाज वाटते. गुंड्या तुटलेले सदरे, उसवलेले फ्रॉक, विरलेले स्वेटर! ‘गरिबाला एवढेही पुष्कळ,’ असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, हे दान नव्हे, ही अडगळ आहे. मोहाडी-आंधळगावचे विणकर जेथे कोसा रेशीम विणतात, त्या भंडारा जिल्ह्यातील माणसाला कापडाची पारख नाही काय? ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, तेव्हा त्या पाण्याने देणारा आणि घेणारा असा भेद केला नाही. संत मार्टिनने भिकाऱ्याला दिला तो अंगावरच्याच झग्याचा अर्धा भाग. पेटीतली चिंधी नव्हे.

म्हणून, जो कपडा घालून आपले लेकरू मिस्साला आणण्यास आपण धजणार नाही, तो शेजाऱ्याच्या लेकराला देऊ नये. कपडे धुवावेत, गुंड्या लावाव्यात, घडी घालावी आणि गाजावाजा न करता पोचवावेत. मुलांना रांगेत उभे करून छायाचित्रे कशासाठी? उद्या तेच मूल शाळेत आपल्या मुलाशेजारी बसणार आहे. त्या सदऱ्याची ओळख पटली, तरी त्याची मान खाली जाता कामा नये.