एकाच शाईचे गोंदण

गेल्या महिन्यात आमच्या घरात एक लहानसे वादळ झाले. माझ्या पुतणीने हातावर तिच्या आजीचे, म्हणजे माझ्या आईचे, चित्र गोंदवून घेण्याचे जाहीर केले. सुलतान बाजारातल्या आमच्या जुन्या घरी हे कानांवर पडताच वडीलधाऱ्या मंडळींनी एकमुखाने निकाल दिला, "आपल्या घराण्यात असले काही नव्हते!" मला हसू आवरेना. जिचे चित्र काढावयाचे तिच्याच कपाळावर टिंब आणि मनगटावर तुळस गोंदलेली होती, याचा सर्वांना विसर पडला होता.

आईचे माहेर परभणीचे. १९५० च्या सुमारास, ती सातआठ वर्षांची असताना, तिला आणि धाकट्या मावशीला एकाच दिवशी गोंदले. परभणी तेव्हा हैदराबाद राज्यातच होती; १९५६ साली माहेर परराज्यात गेले. काजळी आणि पाल्याचा रस खलून केलेली शाई, तीनचार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, आणि वरून हळद. एवढाच तो संसार. गोंदणारीण गात गात टोचीत असे आणि पोरीने गळा काढला की आपलाही आवाज चढवीत असे, असे आई सांगे. (लयीचा इतका रोख उपयोग मला माझ्या वर्गात कधी करता आलेला नाही.) अंगावरचे सारे दागिने शेवटी उतरवून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही तर घरोघरच्या बायकांची श्रद्धा.

आपले तेलुगू शेजारी गोंदणाला 'पच्चबोट्टु' म्हणतात, म्हणजे हिरवे टिंब. शाई काजळीची, तेव्हा काळीच. परंतु कातडीच्या आतून ती निळसर-हिरवट दिसते. त्या एका शब्दात निरीक्षण किती नेमके आहे!

पुतणीला हवे होते ते मात्र हिरवे टिंब नव्हे. आजच्या गोंदणाच्या दुकानांत ज्याला 'ब्लॅक अँड ग्रे' म्हणतात, ते हे काम. त्याचे कुळ ऐकून मी थक्क झालो. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या कैद्यांनी ते तुरुंगात वाढविले. तेथे रंग मिळत नसत. काजळीची काळी शाई तेवढी करता येई. सुई म्हणून गिटारची तार, आणि ती चालविण्यास टेपरेकॉर्डरची मोटार! वाद्यांची ही अशीही मोडतोड उपयोगी पडली. १९७५ साली चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये दुकान काढून हे एका सुईचे बारीक काम तुरुंगाबाहेर आणले, आणि कोठडीतच हात बसलेला फ्रेडी नेग्रेटे पुढे त्यांच्याकडे आला.

यातली खुबी अशी की रंग एकच. तीनचार वाट्यांत तीच काळी शाई कमीअधिक पाणी घालून पातळ करतात आणि गडदाकडून फिक्याकडे उतरत जातात. गालावरचा उजेड काढावयाचा नसतो, तो सोडावयाचा असतो. कातडीचाच रंग उजेड होतो. तंबोऱ्यावर गळा लावणाऱ्यास हे वेगळे समजावून सांगावयास नको. पण येथेच माझी एक तक्रार आहे. आपल्या सावळ्या कातडीवर अगदी फिक्या छटा मुळातच कमी उठतात आणि लवकर विरतात. गोऱ्या हातावरचा नमुना पाहून तसाच्या तसा मागणे म्हणजे दुसऱ्याच्या पट्टीत गाणे. आईच्या पिढीच्या गोंदणाऱ्या बायका मोजक्या, जाड रेघा काढून मध्ये जागा मोकळी ठेवीत. त्या रेघा सत्तर वर्षे पसरूनही वाचता येतात. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत अख्खा चेहरा कोंबणाऱ्याने ते हात एकदा पाहावेत.

मी हे सांगितले तेव्हा पुतणी म्हणाली, "काका, मग चेहरा मोठा काढते आणि खाली आजीची तुळस घेते. कशी होती ती?"

येथे मी अडलो. माझे वडील तरुणपणी दरबारात गात. मी त्यांच्या उतारवयातला. मला आठवते ते त्यांचे घरातले गाणे, आणि त्या गाण्याला तानपुरा आईकडे असे. त्या मनगटाकडे पाहत मी लहानाचा मोठा झालो. तरी तुळशीला पाने पाच होती की सात, हे मला सांगता येईना. फोटो काढला, तर मनगट पदराआड, आणि कपाळावरचे टिंब फोटोवाल्याने डाग समजून पुसून टाकलेले! आई जाऊन दोन वर्षे झाली.

२०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की गोंदणाची शाई कातडीतल्या काही पेशी गिळून धरतात. ती पेशी मेली की सुटलेली शाई नवी पेशी उचलते. म्हणून गोंदण टिकते. कातडीच्या आत परंपरा अशी चालू होती, आणि बाहेर आम्ही घरचे दहा जण पाने मोजावयास विसरलो.

हैदराबादेतल्या मराठी समाजाने शाळा काढल्या, ग्रंथालये जपली, नाटके केली. बायकांच्या हातांवरची ही चित्रे कोणी उतरवून ठेवल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. ज्यांच्या घरी असा एखादा हात अजून आहे त्यांनी दिवाळीला सारे जमतील तेव्हा पातळ कागद आणि पेन्सिल घेऊन बसावे. खाली नाव, गाव आणि साल लिहावे.

आम्ही दोघे परभणीला गेलो. मावशी आता ऐंशीच्या पुढे आहे. "त्या दिवशी मी लई रडले, अक्का नाही रडली," ती म्हणाली. पुतणीने तिच्या मनगटावर कागद ठेवला. सुरकुत्यांत रेघा एकमेकींत मिसळल्या होत्या. पुतणीने पाने पाच मोजली, मी सहा. "सात हायत," म्हणत मावशीने दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरली.