पट्टा साधा चालेल, जोड पक्का हवा

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि व्यायामशाळेच्या फीवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वर्तमानपत्रांनी त्याचे मथळे केले. आमच्या टपालात मात्र तक्रारी वाढल्या आहेत. शहापूर, खर्डी, किन्हवली, सरळगाव, टोकावडे या पट्ट्यात भरतीची मुले घडवणाऱ्या प्रशिक्षकांचे म्हणणे एकच आहे: वजन लावून बीम (पुलअप्स) आणि डिप्स मारून घ्यायच्या तर कमरेला वजन टांगायचा डिप बेल्ट परवडत नाही, आणि परवडणारा घेतला तर तो टिकत नाही.

आधी कराचे बोलू, कारण हा अन्याय कागदावर स्पष्ट दिसतो. क्रीडासाहित्यावरचा कर १२ वरून ५ टक्के झाला, पण त्याच ओळीत एक अपवाद आहे. ‘सर्वसाधारण शारीरिक व्यायामाचे साहित्य’ त्यातून वगळलेले आहे. ते १८ टक्क्यांतच राहिले. म्हणजे हजार रुपयांच्या क्रिकेट बॅटवर ५० रुपये कर आणि हजार रुपयांच्या डिप बेल्टवर १८० रुपये. प्लेट, रॉड, डंबेल, पॅरलल बार, सगळ्यांची गत हीच. फी स्वस्त झाली म्हणावे, तर नोंदणी असलेल्या व्यायामशाळांना ५ टक्क्यांच्या दराबरोबर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. साहित्यावर भरलेला कर पूर्वी वळता होई, तो आता खर्चातच जमा. आणि शहापूर व मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांतल्या बहुतेक व्यायामशाळा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीच्या आसपासही जात नाहीत. त्यांची नोंदणीच नाही. फीवरच्या सवलतीचा त्यांना काडीचा उपयोग नाही, साहित्यावरचे १८ टक्के मात्र त्या निमूट भरतात.

हा नियम लिहिणाऱ्यांनी एवढे तरी पाहायला हवे होते की व्यायामाची परीक्षा सरकार स्वतःच घेते. सैन्य भरतीत १० बीमला ४० गुण आहेत, ९ ला ३३, ८ ला २७, ७ ला २१ आणि ६ ला १६. सहावरून दहावर गेलेल्या मुलाच्या पदरात २४ गुण जास्त पडतात. राज्याच्या पोलीस भरतीतून पुलअप्स गेले, पण मैदानी ५० गुणांपैकी १५ गोळाफेकीला आहेत, आणि मुलांचा ७.२६० किलोचा गोळा लांब टाकायला खांदा आणि ट्रायसेप्स लागतात, जे वजनी डिप्समधून येतात. डोळखांबच्या पाड्यावरचा किंवा माळशेजच्या पायथ्याचा मुलगा या गुणांसाठी घाम गाळतो. त्याच्या साधनाला मात्र कायद्याने खेळाच्या साहित्यातून वगळलेले आहे.

गावोगावी बसवलेल्या खुल्या व्यायामशाळांनीही त्याची सोय केलेली नाही. चालण्याचे यंत्र, कंबर फिरवायची चकती, खांद्याचे चाक हे सगळे ज्येष्ठांना आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांना उपयोगी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या गावातून दरवर्षी मुले भरतीला उतरतात, तिथे आठ फुटांवर एक सरळ आडवा पाइप आणि दोन समांतर बार बसवायला कितीसा खर्च येतो? संच आला तसा बसवायचा, फोटो काढायचा आणि बिल मंजूर करायचे, एवढ्यावर काम संपते. मागणीपत्रात बीमचा उल्लेख का नव्हता, हा प्रश्न ग्रामसभेत आपणच विचारायला हवा.

आता बेल्टकडे वळू. कर कमी होईपर्यंत मुलांचा सराव थांबणार नाही, तेव्हा आहे त्या पैशात योग्य वस्तू घेतली पाहिजे.

पहिली गोष्ट, स्क्वॉट-डेडलिफ्टचा कमरपट्टा आणि डिप बेल्ट या वेगळ्या वस्तू आहेत. लिफ्टिंग बेल्टच्या बकलमध्ये साखळी अडकवून वजन टांगण्याचा प्रकार अजूनही दिसतो. तो बकल पोट आवळण्यासाठी असतो, खालून ओढ घेण्यासाठी नाही. हे आजपासून बंद करा.

दुसरी गोष्ट, चामडे की नायलॉन. जाड चामड्याचा बेल्ट कोरड्या हवेत वर्षानुवर्षे टिकतो. आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये पावसाचे चार महिने भिंती ओल्या असतात. चामड्याला बुरशी येते आणि शिलाईचा दोरा आतून कुजतो. ज्यांना तेल लावून, पुसून, टांगून ठेवायची शिस्त आहे त्यांनीच चामडे घ्यावे. बाकीच्यांनी नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा, तीन ते चार इंच रुंदीचा पट्टा घ्यावा. सहा इंच रुंदी आणि जाड फोम ५० किलो लावणाऱ्यासाठी आहेत. आपली मुले अडीच ते पंधरा किलोत काम करतात. त्या जादा फोमचे पैसे मोजू नका.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जोड. बेल्ट मध्यावर तुटत नाही, तो कडीपाशी उसवतो. दुकानात हातात घेतल्यावर तीन जागा पाहा. पट्टा कडीतून वळवून किमान तीन इंच मागे आणून शिवलेला असावा, आणि शिलाई चौकोनात फुली मारलेली असावी. नुसत्या दोन उभ्या शिवणी असतील तर परत ठेवा. डी-कडी वेल्ड केलेली असावी. स्वस्त बेल्टमध्ये वाकवलेली तार असते आणि तिच्या तोंडाशी फट दिसते. झटका बसला की तीच फट उघडते. वेल्डची बाजू पट्ट्याच्या घडीत असावी, साखळी तिच्यावर घासू नये. तिसरी जागा हूक. किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात तसला ॲल्युमिनियमचा हूक कितीही चकचकीत असला तरी तो वजनासाठी नाही. गिर्यारोहणाच्या कॅराबिनरवर २२ केएन असा आकडा कोरलेला असतो, म्हणजे सुमारे २२०० किलोची ताकद. तो परवडत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातली डी-शॅकल घ्या. ती स्वस्त असते आणि तिची पिन आट्यांची असल्यामुळे आपोआप उघडत नाही.

साखळी घेताना गुरांची साखळी घेऊ नका. तिच्या कड्या अनेकदा नुसत्या पिळलेल्या असतात, वेल्ड नसतात. जस्ताचा लेप असलेली, वेल्ड केलेली सहा मिलिमीटरची साखळी फुटावर मिळते. दुकानात जाताना आपली प्लेट बरोबर न्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जुन्या बारीक रॉडच्या प्लेट आहेत, त्यांच्या भोकातून ऑलिम्पिक प्लेटसाठी बनलेला मोठा हूक जातच नाही. मग मुले सुतळीने प्लेट बांधतात आणि अपघात तिथे होतो.

सर्वांत कमी खर्चाचा सुरक्षित मार्ग हवा असेल तर तोही आहे. माल उचलण्याच्या पॉलिएस्टर स्लिंगमध्ये जांभळा रंग एक टन क्षमतेचा असतो. योग्य लांबीची नवी जांभळी स्लिंग, एक शॅकल आणि हातभर साखळी एवढ्यावर पंधरा किलोपर्यंतचे काम निर्धास्त होते. कमरेला काचू नये म्हणून आत टॉवेलची घडी घाला. पण मुरबाडच्या एमआयडीसीतून भंगारात निघालेली स्लिंग कोणी फुकट देत असेल तरी घेऊ नका. अल्कली लागलेले पॉलिएस्टर वरून धड दिसते आणि आतून निकामी झालेले असते. लेबल नसलेली, कडेला चीर पडलेली स्लिंग कचऱ्यातच जावी. पट्टा शिवून घ्यायचा असेल तर हायवेवरच्या सीटकव्हर आणि ताडपत्री शिवणाऱ्या कारागिरांकडे जा. घरगुती मशीनला ती जाडी झेपत नाही.

काही व्यायामशाळा-चालकांशी स्पष्ट बोलणे भाग आहे. उसवलेला बेल्ट तसाच खुंटीला ठेवून ‘हळू मारा’ असे सांगणे ही बेजबाबदारी आहे. प्लेट सुटून पावलावर पडली तर मुलाची भरती गेली, आणि एका वर्षात त्याची वयोमर्यादाही निघून जाऊ शकते. सहा स्वच्छ बीम मारता येत नसताना कमरेला दहा किलो अडकवून व्हिडिओ काढू देणारे प्रशिक्षकही तितकेच दोषी आहेत. आमचा आग्रह असा: सहा पूर्ण बीम आणि दहा पूर्ण डिप्स जमल्याशिवाय बेल्ट नाही, सुरुवात अडीच किलोने, पुढची वाढ दोन आठवडे तेच वजन न हिसकता जमल्यावर. उडी मारून उतरणे बंद, पायाखाली स्टूल हवेच.

आता कामाला लागा. या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आपल्याकडचा प्रत्येक बेल्ट उलटा करून शिवण, कडी, हूक तपासा आणि संशय आला तो कापून टाका, म्हणजे कोणी पुन्हा वापरणार नाही. शेजारच्या चार-पाच व्यायामशाळांनी मिळून साखळी, शॅकल आणि पट्टा घाऊक घ्यावा. आणि खरेदीचे बिल जपून ठेवावे. राज्य सरकारने नेमलेले मंत्री जीएसटी परिषदेचे सदस्य असतात. व्यायामाचे साहित्य क्रीडासाहित्याच्या ५ टक्क्यांत आणावे, अशी मागणी त्यांच्याकडे आणि आपल्या आमदारांकडे लेखी करा, सोबत बिलाची प्रत जोडा. शहापूर आणि मुरबाडमधल्या प्रत्येक व्यायामशाळेने एक पत्र पाठवावे, आणि त्याची प्रत आमच्याकडेही पाठवावी. पुढच्या अंकात आम्ही ती पत्रे छापू.